अंगालगतचं कापड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पातूरचा. अकोल्याहून वाशीमकडे निघालं, की घाट चढण्याआधी लागतं ते गाव. शेख बाबूंचा दर्गा आणि डोंगरात कोरलेली लेणी यांमुळे लोक त्याला ओळखतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा मुलखातल्या माणसानं थंडीच्या कपड्यांवर बोलावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे घाटावरून जो वारा खाली उतरतो, तो रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला विचारा. ओल्या धुऱ्यावर उभं राहून तो आधी शिवी देईल आणि मग सांगेल.

तरीही आजचा विषय माझ्याकडे आला तो पातूरच्या थंडीतून नव्हे, स्कॉटलंडच्या. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, धाकटा मुलगा नोकरीसाठी तिकडे डंडी नावाच्या शहरात असतो. तिथून जवळच सेंट अँड्र्यूज. गोल्फची ती पंढरीच. 1754 पासून तिथे खेळाडूंचं मंडळ आहे आणि खेळ त्याहून कितीतरी जुना. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागली होती. बंदीचं पुढे काय झालं ते दिसतंच आहे.

तर एका नोव्हेंबरात ऑफिसातल्या लोकांनी भाच्याला खेळायला नेलं. समुद्रकाठचं मैदान, हवा पाच-सहा अंशांची, वर वारा. पोरानं घरच्या शिकवणुकीप्रमाणे बंदोबस्त केला होता. आत सुती बनियन, एकावर एक दोन. त्यावर जाड सुती शर्ट, आणि सगळ्यांवर रजईसारखं फुगलेलं जाकीट. आता गोल्फमध्ये काय असतं, की अठरा भोकांचा फेरा पायी पूर्ण करायचा म्हणजे सहा-सात किलोमीटर चाल आणि चारेक तास. मध्येच थांबायचं, इतरांचे फटके होईस्तोवर उभं राहायचं. आणि फटका मारताना कमरेपासून खांद्यापर्यंत सगळं अंग पिळायचं. फुगलेल्या जाकिटात ते जमेना, म्हणून चौथ्या भोकाशी त्यानं ते काढून ठेवलं. चालून घाम आला होताच. नवव्या भोकाशी उभं असताना दात वाजायला लागले. खेळ तिथेच सोडला. दोन दिवस ताप.

फोनवर म्हणाला, "मामू, कापसाच्या गावचा मी, आणि कापसानंच दगा दिला."

हे वाक्य मला लागलं. कारण आम्ही पिंजारी. मी कविता करतो, पण घराचं पोट भरलं ते अब्बांच्या पिंजणीनं. दिवाळी सरली की अब्बा खांद्यावर पिंजण टाकून सायकलवर गावोगाव निघायचे. कुणाच्या अंगणात जुनी रजई उसवून रुईचे गड्डे काढायचे, पिंजण टांगायची, आणि लाकडी दस्त्यानं तातीवर ठोका द्यायचा. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. घरची म्हातारी ओट्यावरून म्हणायची, "मोकया करजो बाप्पा, गड्डे नोको ठेवू." मुठीत मावणारा गड्डा बघता बघता टोपलीभर व्हायचा. मी एकदा त्या ढिगावर बसलो तर अब्बांनी हात धरून उठवलं. म्हणाले, दाबलं की गेलं. आत हवा राहिली पाहिजे.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या धंद्यातली होती, ती मात्र ते कुणाला शिकवत नसत, नुसती करत. काम थांबलं की पाणी पिण्याआधी घामाचा कुडता उतरवायचे, अंग पुसायचे आणि कोरड्या अंगावर रुई भरलेली बंडी घालायचे. ही सवय त्यांना जन्मजात नव्हती. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा घाटावरच्या गावाहून ते रात्री ओल्या कुडत्यानंच सायकलवर उतरून आले. बंडी पिशवीत होती. थांबून बदलायचा कंटाळा केला. छातीत सर्दी उतरली ती तीन आठवडे. त्या हंगामात पिंजण खुंटीवरच राहिली, आणि आम्ही काय खाल्लं ते अम्मीलाच ठाऊक. त्यानंतर कुडता बदलायला ते कधी विसरले नाहीत.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, बाबा, दगा कापसानं नाही दिला, ओल्या कापसानं दिला. तो म्हणाला, "ठीक आहे. मग अंगाला लागून घालू काय?" याचं उत्तर मला येत नव्हतं. मी बी.ए. झालेला माणूस. मला विचारलं की मी पुस्तकांकडे जातो, आणि पुस्तकांनी मला जे सांगितलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात घरापासून करू. आमच्या शेख बाबूंच्या दर्ग्याशी अकबराच्या दरबारातल्या अब्दुर्रहीम खानखानानचं नाव जोडलं जातं. वऱ्हाड 1596 मध्ये मोगलांकडे गेला, त्या काळातलं हे माणूस. त्याच दरबारात अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात बादशहाच्या कपड्यांची यादी आहे, आणि तिच्यात 'गदर' नावाचा एक अंगरखा येतो. नेहमीच्या कब्यापेक्षा रुंद, लांब, आणि आत कापूस जास्त. अबुल फजल म्हणतो, की हिंदुस्थानात हा फरच्या कोटाची जागा घेतो. म्हणजे मध्य आशियाच्या थंडीतून आलेल्या लोकांनी इथे जनावरांच्या कातड्याऐवजी पिंजलेली रुई स्वीकारली. माझ्यासारख्याला हे वाचून छाती फुगवावीशी वाटते. पण नीट वाचलं तर ध्यानात येतं, की हा वरून घालायचा कपडा आहे. घोड्यावर बसलेल्या, फार घाम न येणाऱ्या माणसाचा. अंगालगत काय, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

तो प्रश्न युरोपातल्या लोकांना मात्र फार छळत होता. इंग्रज आपल्याकडे आले तेव्हा लोकर घालूनच आले. 29 नोव्हेंबर 1803 ला आमच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला वेलस्लीची लढाई झाली, तेव्हा त्याचे गोरे शिपाई लाल लोकरी कोटांत होते. पुढे तर त्यांच्या सैन्यात फ्लॅनेलचा पट्टा पोटाला गुंडाळायची पद्धत होती. त्याला नाव होतं कॉलऱ्याचा पट्टा. पोटाला गारवा लागला की पटकी होते, अशी समजूत. पटकी पाण्यातून येते हे कळल्यावरही पट्टा लवकर गेला नाही. आमच्या मे महिन्यात पोटाला फ्लॅनेल गुंडाळून कवायत करणाऱ्या त्या पोरांची मला कीव येते.

मग 1880 च्या सुमारास जर्मनीत गुस्ताव येगर नावाचे एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक उठले. त्यांनी सिद्धांत मांडला, की माणसाच्या कातडीला फक्त प्राण्यांची लोकर लागावी. कापूस, ताग, सगळं वनस्पतीजन्य कापड आरोग्याला घातक. चादरीसुद्धा लोकरीच्या हव्यात. लुईस टोमालिन या इंग्रजानं ते वाचलं आणि 1884 मध्ये लंडनला त्या नावाचं दुकानच काढलं. जॉर्ज बर्नार्ड शॉसारखा माणूस नखशिखांत येगरच्या लोकरी पोशाखात लंडनभर हिंडायचा. त्यातला वैद्यकीय भाग आज कुणी मानत नाही. पण त्या अर्धवट विज्ञानातून एक खरी सवय रुजली. थंडीत अंगालगत विणलेली, पातळ, अंगाबरोबर ताणणारी लोकर घालण्याची.

कापसानंही हार मानली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. चारच वर्षांनी, 1888 मध्ये, लँकेशायरचा गिरणीमालक लुईस हॅस्लम यानं जाळीदार सुती कापड काढलं. बारीक बारीक भोकं, प्रत्येक भोकात थोडीशी हवा. त्याला पुढे एअरटेक्स म्हणू लागले. ऊब धाग्यात नसून धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते, हे गिरणीमालकाला तेव्हा कळलं. अंगणातल्या पिंजाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्याला पेटंट कुठे काढायचं हे माहीत नव्हतं. नॉर्वेत 1933 मध्ये हेन्रिक ब्रून या लष्करी अधिकाऱ्यानं तर मासे धरायच्या जाळ्याचं बनियन केलं. मोठ्या भोकांचं. नुसतं घातलं तर वारा खुशाल आत येईल. पण वरून दुसरा कपडा घातला, की त्या भोकांतली हवा कोंडली जाते आणि घामाची वाफ बाहेर पडायला वाट राहते. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या कपड्यांत अशी जाळीची बनियनं होती. तेनसिंग आणि हिलरी ज्या शिखरावर चढले त्याच्या कथा आपण शाळेत शिकलो, पण त्यांच्या बनियनबद्दल आपल्याला कुणी सांगितलं नाही.

बनियनवरून आठवलं. आपण मराठीत त्याला आणखी एक शब्द वापरतो, निदान माझ्या पिढीपर्यंत वापरत होतो. गंजीफ्रॉक. लहानपणी मला वाटायचं हा 'गंजी' काहीतरी गंजण्यातला असेल, कारण आमची बनियनं धुऊन धुऊन त्याच रंगाची झालेली असत. पुढे कळलं की हा शब्द इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतल्या गर्न्सी नावाच्या बेटावरून आला. तिथल्या कोळ्यांसाठी बायका घट्ट विणीचा लोकरी अंगरखा विणायच्या. समुद्राचे तुषार अंगावर घेत, थंडीत जाळी ओढणाऱ्या माणसाचा तो कपडा. गर्न्सी फ्रॉक. तो इंग्रज खलाशांच्या अंगावर आला, बंदरांत आला, आणि आपल्या तोंडात गंजीफ्रॉक झाला. शेजारच्या बेटाचं नाव जर्सी, तेही आपण रोज वापरतो. गंमत अशी, की गर्न्सीचा कपडा इथे येईस्तोवर लोकरीचा सुती झाला, बाह्या गेल्या, आणि थंडीचा होता तो उन्हाळ्याचा झाला. नाव तेवढं उरलं. माझा भाचा दोन गंजीफ्रॉक घालून उत्तर समुद्राच्या वाऱ्यात उभा राहिला. नावाप्रमाणे बरोबर होता. कपडाच बदलून गेला होता.

आता कापसाचं नेमकं कुठे चुकतं ते सांगतो, पातूरच्या माणसाला सांगताना जड जातं तरी. कापूस पाणी पितो. टॉवेल म्हणून तो उत्तम आहे तो याचसाठी. घाम शोषतो, पण सोडायला वेळ लावतो. भिजला की त्याचा फुगारा बसतो, कापड कातडीला चिकटतं, आणि जिथे हवा होती तिथे पाणी येतं. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं अंगाची उष्णता ओढून नेतं. उन्हाळ्यात हेच वरदान. सेंट अँड्र्यूजला नवव्या भोकाशी हाच शाप. लोकरही पाणी पिते, कापसापेक्षा जास्त पिते, पण ते धाग्याच्या आत घेते. वरून ओली लागत नाही आणि तिचा कुरळेपणा शाबूत राहतो, म्हणजे हवा शाबूत राहते. हे आमच्या धनगरांना कुणी शिकवावं लागलं नाही. पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवसभर मेंढरामागे उभा राहणारा माणूस चिंब भिजतो, गारठून मरत नाही. घोंगडीचा दोष एकच, ती टोचते. दख्खनी मेंढीचा धागा जाड. मेरिनो मेंढीचा धागा इतका बारीक असतो, की कातडीला टोचण्याऐवजी वाकतो. म्हणून ती अंगालगत चालते आणि आपली घोंगडी वरूनच बरी.

आणि तिसरा दावेदार पॉलिएस्टर. याची जन्मकथा वऱ्हाडातल्या माणसानं एकदा तरी ऐकावी. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. खामगावच्या पेठेपर्यंत रेल्वेचा फाटा आला, 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याचं उद्घाटन करायला आले. पण आमचा धागा आखूड आणि भरड. अमेरिका सावरली तशी लँकेशायरनं नाकं मुरडली. त्याच लँकेशायरमध्ये छापील सुती कापडवाल्यांची एक मोठी कंपनी होती, कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन. कॅलिको म्हणजे आपलं कालिकत. नावापासून सुताची. आणि 1941 मध्ये या कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. टेरिलीन तो हाच. कापसाच्या ताटात जेवणाऱ्यांच्या घरातच कापसाचा वैरी जन्मला. अब्बांच्या पिढीला ईदला टेरिकॉटचा शर्ट हवा असायचा, कारण त्याची घडी मोडत नसे. आम्ही कापूस पिकवायचो, पिंजायचो आणि सणाला टेरिकॉट घालायचो.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. उन्हाळ्यात म्हणून तो नकोसा होतो. पण त्याचा बारीक, अंगाबरोबरचा विणलेला कपडा केला, की घाम त्याच्या धाग्यांवरून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि कातडी कोरडी राहते. हल्ली दुकानांत 'थर्मल' नावाखाली जे मिळतं, त्यातलं बरंचसं हेच. दोष असा, की घामाचा वास धरतं. लोकर तो फार धरत नाही, पण महाग पडते.

एवढं सगळं वाचून मी भाच्याला फोन केला. म्हटलं, अंगालगत मेरिनोचा पातळ कपडा घे, परवडत नसेल तर पॉलिएस्टरचा. आत सूत अजिबात नको, लेबल वाचून घे, कारण कित्येक थर्मलमध्ये सूत मिसळलेलं असतं. कपडा अंगाला लागून बसला पाहिजे, पण काखेत आवळता कामा नये, नाहीतर फटका अडेल. लांबीला कमरेखाली हवा, कारण हात वर गेले की सदरा वर येतो आणि नेमका कमरेवर वारा बसतो. त्यावर एक हलका लोकरी सदरा, आणि सगळ्यांवर वारा अडवणारं पातळ काहीतरी. फुगलेलं जाकीट पिशवीत. घरून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर कपडे जास्त झाले, पहिल्याच चढावर घाम येईल. तो हसला. म्हणाला, "मामू, इथला दुकानदार पण हेच म्हणत होता. तुम्हाला गोल्फ कसं माहीत?" मला गोल्फ कुठलं माहीत. मुंबईत 1842 पासून आणि कलकत्त्यात 1829 पासून साहेब लोक हा खेळ खेळत आले, पण मी तो फक्त टीव्हीवर पाहिलाय.

पुढच्या महिन्यात त्यानं अठरा भोकं पूर्ण केली. कितव्या नंबरानं हरला ते सांगितलं नाही. पण एक गोष्ट मागितली. म्हणाला, खेळ संपल्यावर ते लोक गाडीपाशी आतला कपडा बदलतात आणि वरून काहीतरी गरम चढवतात. नानांची बंडी अजून आहे का?

होती. अम्मीच्या पेटीत, कापराच्या वासात. पण आतली रुई गोळा होऊन खाली बसलेली. अब्बांची पिंजण माळ्यावर आहे, तिची तात केव्हाच गेली. बाजारात मोटारीच्या मशीनवर पिंजणारा एक जण आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, एवढ्याशा रुईसाठी मशीन लावता येत नाही, गादी असेल तर आणा. त्याचं बरोबर होतं. शेवटी आपा आणि मी दोघांनी ओट्यावर बसून बंडी उसवली आणि दोन दुपारी बोटांनी रुई मोकळी केली. आपाची बोटं माझ्यापेक्षा जलद चालत होती. तिनंच ती परत भरली, टाके घातले, आणि एक दिवस उन्हात ठेवली.

डाकघरात परदेशी पार्सलाचा कागद भरायचा होता. वस्तूचं नाव इंग्रजीत लिहा, म्हणाले. मी लिहिलं, 'कॉटन जॅकेट'. खिडकीतल्या पोरानं विचारलं, नवीन आहे का जुनं? मी आपाकडे पाहिलं. ती म्हणाली, जुनं लिही. रुई मात्र परवाच मोकळी केलीय म्हणावं.